ओळंब्याचा खटका

भिंत सरळ आली की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधलेलं लोखंडी वजन सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. या फोटोग्राफरलाही सगळे ओळंबाच म्हणत. एक तर बाप गवंडी, आणि दुसरं म्हणजे त्याच्या फोटोतली इमारत कधी केसभरही कलली नाही. खरं नाव विचारलं तर तो क्षणभर थांबून सांगायचा, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगतोय.

त्याचा धंदा इमारतींचा. नवी बँक, जुनं ग्रंथालय, कुण्या वास्तुविशारदाने हौसेने बांधलेला आणि चढणाऱ्यांना घेरी आणणारा गोल जिना, जे काम येईल ते. काम आलं की तो आदल्या दिवशी जाऊन नुसता उभा राहायचा. ऊन कुठून येतं, सावली कधी सरकते, कुठली तार आडवी येते, ते सगळं डोक्यात बसवायचा. दुसऱ्या दिवशी तिपाई मांडायची, तिच्यावरचा पातळी दाखवणारा पाण्याचा बुडबुडा मधोमध आणायचा आणि वाट बघायची. कशाची? माणसं जाण्याची. चौकटीत माणूस आला की याच्या कपाळावर आठी. "जरा बाजूला होता का," हे वाक्य तो आयुष्यात जितक्या वेळा बोलला असेल तितक्या वेळा त्याने सख्ख्या आईला हाक मारली नसेल. एकदा बँकेच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ डबा उघडून बसले. हा तिपाईपाशी ताटकळत उभा. बऱ्याच वेळाने गृहस्थांनाच अवघडल्यासारखं झालं आणि त्यांनी उरलेला डबा याच्यापुढे केला. त्याने तो तिथेच उभ्याने संपवला, डबा पुसून परत दिला आणि म्हणाला, "आता जरा बाजूला होता का?"

माणसांचा त्याला राग होता असं नाही. ती हलतात, एवढंच त्याला पटत नसे. लग्न राहून गेलं ते गेलंच. ताई म्हणायची, "बरं झालं बाई. बायको दारात उभी राहिली असती तर हा म्हणाला असता, जरा सरक, दार दिसत नाहीये."

ताई म्हणजे थोरली बहीण. ती नाटकात कामं करायची. लहानपणी बापाबरोबर दोघं बांधकामावर जात. अर्धवट बांधलेल्या घरात, जिथे पुढे कुणाची तरी बैठकीची खोली व्हायची होती तिथे ताई उभी राहून भाषणं ठोकायची, रडायची, मरायची, मेल्यावर उठून परत मरायची. धाकट्याला प्रेक्षक म्हणून विटांवर बसवलेलं असायचं. तो बसायचाही गुमान. पण मध्येच म्हणायचा, "ताई, तुझ्या मागची भिंत पोट काढतेय." ताई चिडायची, आणि बाप मात्र येऊन भिंत बघायचा. पोरगं बरोबर असायचं.

मोठेपणीही फारसं काही बदललं नाही. ताई एका नाटकमंडळीत शिरली, तिथेच मुरली. ओळंबा दिवसभर इमारतींपुढे उभा राहायचा आणि संध्याकाळी प्रयोग असला की पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर, मांडीवर कॅमेरा घेऊन. मंडळीचे फोटो तोच काढायचा. दौरा निघाला की तोही सामानाच्या गाडीत बसून निघायचा. त्याच्या नाटकातल्या फोटोंत नेपथ्याची दारं-खिडक्या अशा काही सरळ यायच्या की सुताराने त्या फोटोंच्या प्रती मागून नेल्या होत्या. ताई त्या फोटोंत कुठेतरी असायचीच.

मंडळीचं एक नाटक वर्षानुवर्षं चालत आलं होतं. त्यात ताई एका घरमालकिणीचं काम करायची. मुलं पांगलेली, घर विकलेलं, घेणारा माणूस दारात उभा. शेवटच्या अंकात ती एकटी टेबलापाशी बसते, मुठीत घराची किल्ली. काही बोलत नाही. सगळं नाट्यगृह चिडीचूप. मग ती किल्ली टेबलावर ठेवते आणि म्हणते, "घ्या. दार जरा उचलून ओढावं लागतं." बस, पडदा. एवढ्या एका वाक्यावर भलेभले रुमाल काढत. ओळंबा रडत नसे, कारण त्या क्षणी तो फार कामात असे.

त्याचं काय होतं, त्याचा जुना कॅमेरा आवाज करायचा. खटका दाबला की 'खट्', चार रांगा मागे ऐकू जाईल असा. म्हणून त्याने आपली एक रीत बसवली होती. हशा पिकला की दाबायचं, टाळी पडली की दाबायचं, दार आपटलं की दाबायचं. आवाजाच्या पोटात आवाज लपवायचा. पण या शेवटच्या शांततेत लपवणार कुठे? तर त्याने तेही जमवलं. किल्ली जड, पितळी. ती टेबलावर टेकताना 'टक्' व्हायचं. नेमक्या त्या टक्-मध्ये तो आपला खट् मिसळायचा. दोन्ही मिळून एकच आवाज. आजवर एकाही प्रेक्षकाला पत्ता लागला नव्हता. इतर कशाचा नसला तरी या एका गोष्टीचा ओळंब्याला गर्व होता.

पुढे काय झालं, की नाट्यगृहाच्या नव्या व्यवस्थापकाने दाराशी पाटी लावली: आवाज करणारे कॅमेरे आत आणू नयेत. कुण्या प्रेक्षकाने तक्रार केली म्हणे. ती हशातल्या खटक्याची असावी. किल्लीच्या खटक्याची असणं शक्यच नव्हतं, असं ओळंबा आजही शपथेवर सांगेल. त्याने वाद घातला नाही. अजिबात आवाज न करणारा नवा कॅमेरा घेतला आणि जुना कपाटात ठेवला.

त्याच सुमारास शहरातल्या रंगवलेल्या भिंतींचे फोटो काढून ठेवायचं नगरपालिकेचं काम त्याला मिळालं. पुलाखालचे मासे झाले, शाळेच्या कुंपणावरचे पक्षी झाले, आणि एका सकाळी तो नाट्यगृहाच्या रस्त्याकडच्या भिंतीपाशी आला. या भिंतीवर ताई होती. दोन मजले उंच, समोर बघणारी, हातात किल्ली. मूठच हातगाडीएवढी. ओळंब्याच्याच फोटोवरून एका पेंटरने ती काढली होती. तो पेंटर शिडी लावून तिथेच बसला होता.

"बरं झालं आलात," पेंटर म्हणाला. "आजच काढून घ्या. रविवारनंतर या बाई इथे नसतील."

"का?"

"मालकांनी चुना तयार ठेवायला सांगितलाय. चेहरा बदलायचा. हात तोच ठेवतो म्हटलं, किल्लीही तीच. हाताचं वय कुणाला कळतंय इतक्या लांबून."

मालक म्हणजे नाटकमंडळीचे मालक. ओळंबा बुडबुडा बघत होता, तो बघायचा थांबला.

"तुमची बहीण म्हणून सांगतोय, कुठे बोलू नका," पेंटरने आवाज खाली आणला. "गेल्या दौऱ्यात दोनदा अडकल्या त्या. किल्ली धरून बसल्या त्या बसल्याच. विंगेतून वाक्य सांगावं लागलं. मालक म्हणतात, वय झालं. रविवारी परत तसं झालं तर मंडळीतल्या धाकट्या बाईंना उभं करणार. त्यांचं पाठांतर झालंय म्हणे."

गेल्या दौऱ्याला ओळंबा गेला नव्हता. त्याच दिवसांत एका कारखान्याच्या नव्या इमारतीचं काम आलं होतं. ताई परत आल्यावर यातलं अवाक्षर बोलली नव्हती. ताईच ती. आपल्याला लागलेलं सांगेल तर शपथ.

"शिडी काढ," ओळंबा म्हणाला.

"अहो, मी काय सांगतोय तुम्हाला!"

"ऐकलं. शिडी काढ, फोटोत येतेय."

पेंटर पुटपुटत उठला. ओळंब्याने भिंतीचा फोटो काढला. चारही कोपरे चोख आले. मग तो तिपाई न मिटता बराच वेळ तिथेच उभा राहिला. ताईला नाटकाबाहेर काही नव्हतंच. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. घरी ती चहाचा कपसुद्धा असा ठेवायची की जणू समोर कुणी बघत बसलंय. आपल्या हातात काय आहे, असा विचार त्याने केला आणि त्याला एकच गोष्ट सुचली. रविवारचा तो प्रसंग शेवटचा ठरणार असेल, तर तो असा काढायचा की पुन्हा कुणाला काढता येणार नाही.

रविवारी तो नवा कॅमेरा पहिल्यांदाच घेऊन कडेच्या खुर्चीवर बसला. दारवानाने कॅमेरा कानाशी धरून बघितला आणि समाधानाने परत दिला. पहिले दोन अंक छान गेले. ताईचा आवाज खणखणीत होता. मालक उजव्या विंगेत उभे असलेले ओळंब्याला अर्धे दिसत होते. त्यांच्या मागे एक तरुण बाई उभी होती, तिचे ओठ ताईच्या वाक्यांबरोबर हलत होते.

शेवटचा अंक आला. ताई टेबलापाशी बसली. मूठ, किल्ली, शांतता.

ओळंबा सुटलाच. आता किल्लीच्या आवाजाची वाट बघायची गरज नव्हती. तो दाबत गेला. मूठ, खांदा, दिव्याची कड, मागचं दार, परत मूठ. एकाही फोटोचा आवाज नाही. एवढे फोटो त्या शांततेत त्याने जन्मात काढले नव्हते. एखाद्या भुकेल्याला लग्नाच्या पंगतीत सोडावं तसं त्याचं झालं होतं.

मग त्याच्या लक्षात आलं की शांतता लांबलीय. ताई किल्ली ठेवत नव्हती. विंगेतले मालक अर्ध्याचे पूर्ण झाले. ती तरुण बाई पुढे सरकली. ताई अडकली होती. त्याने कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला. ताई घर घेणाऱ्या माणसाकडे बघत नव्हती, प्रेक्षकांकडेही नाही. ती कडेच्या खुर्चीकडे बघत होती.

ओळंबा पुढे वाकला, का ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि मांडीवर ठेवलेलं भिंगाचं झाकण घरंगळून फरशीवर पडलं. टक्.

ताईने किल्ली टेबलावर ठेवली. "घ्या," ती म्हणाली. "दार जरा उचलून ओढावं लागतं."

पडदा पडला तरी कुणी हललं नाही. आणि मग जी टाळ्यांची सुरुवात झाली ती थांबेना. मागच्या रांगेतला एक माणूस खुर्चीवर उभा राहून काहीतरी ओरडत होता. ओळंबा झाकण शोधत खुर्च्यांखाली वाकला होता, त्यामुळे त्याला यातलं काही दिसलं नाही.

रंगपटात ताई आरशासमोर बसली होती. रंग अजून पुसलेला नव्हता.

"फोटो का काढला नाहीस?" तिने विचारलं.

"काढले की. ढीगभर काढले."

"मग आवाज कुठे होता?"

"नवा कॅमेरा आहे. आवाज करत नाही."

ताई त्याच्याकडे वळली. "अरे शहाण्या," ती म्हणाली, "तुझा खटका वाजला की मी किल्ली ठेवते. आजची का गोष्ट आहे ती!"

"असं कसं? तू किल्ली ठेवतेस तेव्हा मी खटका दाबतो."

"मुळीच नाही. तू आधी दाबतोस."

"किल्ली टेकायच्या वेळेला बोट तयार ठेवावं लागतं, ताई. पण दाबतो मी तुझ्या हाताकडे बघूनच."

"आणि माझा हात तुझ्या आवाजावर उठतो."

इतकी वर्षं हा तिच्या मागे आणि ती याच्या मागे, आणि पुढे कुणीच नाही. नाट्यगृहातली ती नावाजलेली शांतता दोघांनी एकमेकांच्या भरवशावर सोडून दिली होती. ताईला आधी हसू आलं. मग ती म्हणाली, "दौऱ्यात तू नव्हतास," आणि तिचं हसू गेलं. "मी म्हटलं, आपलं डोकंच चालेनासं झालं. रात्र रात्र तेच वाक्य घोकत होते. वाक्य येत होतं रे. कधी म्हणायचं तेच कळत नव्हतं."

"मनात आकडे मोज ना मग."

"मोजून बघितले. चेहऱ्यावर आकडे दिसतात."

"मग मालकांना सांगू. विंगेतून कुणीतरी टिचकी मारेल."

"आणि काय सांगू? या वयात मला भावाचा खटका लागतो म्हणून? उद्या सकाळी चुना फासतील भिंतीला."

म्हणजे तिला भिंतीचंही माहीत होतं. ओळंब्याने मान खाली घातली.

तेवढ्यात मालक आत आले. त्यांचे डोळे लाल होते. "ताई," ते म्हणाले, "आज जे थांबलात ना तुम्ही, तसं उभ्या आयुष्यात कुणाला थांबताना बघितलं नाही मी. मला तर वाटलं, गेलं, अडकलात. आणि मग कळलं की तुम्ही आम्हा सगळ्यांना टांगून ठेवलंय." त्यांनी जरा घसा साफ केला. "आता पुढच्या रविवारीही असंच हवं. एवढंच लांब. एक दिवस कुणालाही जमून जातं, म्हणून म्हणतो." जाताना त्यांनी ओळंब्याकडे बघितलं. "आणि तुमचं ते झाकण सांभाळा."

दुसऱ्या दिवशी ओळंबा भिंतीपाशी गेला. पेंटर चुन्याच्या बादलीवर फळी टाकून तिच्यावर बसला होता. "एक आठवडा थांब म्हणाले," त्याने सांगितलं. "माझं काय, मी थांबतो. चुना नासत नाही."

आठवडाभर ओळंब्याने कामात लक्ष लागत नसल्याचं जन्मात पहिल्यांदा अनुभवलं. एका इमारतीच्या फोटोत सायकलवाला आला तो त्याला घरी गेल्यावर दिसला. जुना कॅमेरा काढून त्याने खटका वाजवून बघितला. आवाज होता तसाच होता. पण तो आत न्यायचा कसा? दारवान ओळखीचा, तरी कर्तव्याला पक्का. लपवून न्यावा असं ओळंब्याला सुचलंच नाही, कारण लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती. शनिवारी त्याने कॅमेऱ्याचं भिंग फिरवून काढलं आणि ते कपाटात ठेवलं.

रविवारी दारवानाने कॅमेरा बघितला आणि मान हलवली. "हा चालायचा नाही. हा वाजतो."

"याला भिंग नाही," ओळंबा म्हणाला. "बघा, बोट घाला आत. यातून फोटो निघत नाही. पाटीवर काय लिहिलंय? कॅमेरे. फोटो निघत नसेल तर हा कॅमेरा कसला?"

दारवानाने बोट घातलं. मग पाटी वाचली. मग परत बोट घातलं. "मग नेताय कशाला?"

"हातात काही नसलं की मला बसवत नाही."

हे मात्र दारवानाला पटलं. त्याने सोडलं.

प्रयोग सुरू झाला. ओळंब्याला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. डोळ्याला लावायला काही नव्हतं. समोर नेपथ्य होतं आणि त्यातलं मागचं दार बोटभर डावीकडे कललं होतं, ते त्याला दिसलं आणि त्याने सोडून दिलं. मालक विंगेत होते. ती तरुण बाईही होती.

शेवटचा अंक. ताई टेबलापाशी बसली. मूठ, किल्ली.

ओळंब्याचं बोट खटक्यावर होतं. आता किती थांबायचं ते त्याच्या हातात होतं. लवकर दाबलं तर मालक म्हणणार, मागच्या वेळी नशीब होतं. उशीर झाला तर विंगेतून वाक्य येणार. पण वाट बघणं त्याला कुणी शिकवायला नको होतं. माणसं चौकटीतून जाईपर्यंत थांबायचं हेच तर तो जन्मभर करत आला होता. फक्त या वेळी चौकट नव्हती आणि समोरचं माणूस जायला नको होतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. तिचा अंगठा किल्लीच्या दात्यांवरून फिरत होता, पुढे-मागे, पुढे-मागे. हे ती कधीपासून करत होती? घरी तिचे शेकडो फोटो पडले होते, याच खुर्चीवरचे, याच प्रसंगाचे. एकातही अंगठा त्याला आठवेना. तिच्या मानेची शीर उडत होती. केसांत रंगाखालून पांढरं दिसत होतं. ती भ्याली होती. रंगमंचावरची घरमालकीण नव्हे, ताई भ्याली होती, आणि तरी ताठ बसली होती, कारण कडेच्या खुर्चीवर तिचा भाऊ आहे हे तिला माहीत होतं. ओळंब्याला एकदम फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण समोर बसून काय बघत होतो, असं त्याला वाटलं. त्याचे डोळे भरून आले आणि समोरचं सगळं, दार, टेबल, दिवा, हललं.

त्याने ते हलू दिलं. ताईची नजर त्याच्यावर होती. अजून थोडं, त्याने मनात तिला सांगितलं, अजून थोडं, मी आहे.

मग त्याने खटका दाबला.

किल्ली टेबलावर टेकली. ताई म्हणाली, "घ्या. दार जरा उचलून ओढावं लागतं."

भिंत अजून तशीच आहे. पेंटरची बादली दुसऱ्या कुठल्या भिंतीकडे गेली. त्या प्रयोगाचा फोटो तेवढा ओळंब्याकडे नाही.